गेम सुरू होताच ग्राफिक्स कार्डाचे फॅन घोंघावतात, आवाज कमी कसा करावा?

निशाचर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे तीन फॅनवालं आरटीएक्स ३०७० आहे. साधं काम चालू असताना फॅन बंदच असतात, काही ऐकू येत नाही. पण गेम सुरू केला की थोड्याच वेळात फॅन २३०० आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) जातात आणि तिथून खाली येत नाहीत. तापमान तेव्हा ७६ अंश दिसतं. मी गोष्ट सांगणारे, सावकाश चालणारे गेम खेळतो. पात्रं हळू आवाजात बोलत असतात आणि मागे सतत घरघर. हेडफोन लावला तरी ती झिरपतेच, आणि मला तर स्पीकरवर खेळायला आवडतं.

दुसरा त्रास असा की काही गेमच्या मेन्यूत गेलं की बारीक, कानात घुसणारा 'चिंईं' आवाज येतो. प्रत्यक्ष गेममध्ये तो कमी होतो. आणि तिसरा, व्हिडिओ बघताना फॅन सुरू होतात, मिनिटभराने थांबतात, परत सुरू होतात.

मॉनिटर १४४० पी, १४४ हर्ट्झ. कॅबिनेट पुढून काचेचं, पुढे दोन फॅन आणि मागे एक. कार्ड वॉरंटीत आहे, त्यामुळे ते उघडायची माझी तयारी नाही. न उघडता काय करता येईल?

वायुपुत्र

आफ्टरबर्नर (कार्डाचा वेग, व्होल्टेज आणि फॅन बदलायचा प्रोग्रॅम) टाका, फॅन ५५ टक्क्यांवर बांधून ठेवा. तापमान ८० पर्यंत गेलं तरी काही बिघडत नाही. विषय संपला.

तांब्याची_तार

वायुपुत्र म्हणतात तसं केलं तर आवाज लगेच उतरेल, पण कार्ड ८३ अंशांपर्यंत गेलं की स्वतःचा वेग कमी करायला लागेल, कारण ३०७० चं ठरलेलं लक्ष्य-तापमान तेवढंच आहे. शिवाय कॅबिनेटमध्ये साठलेली उष्णता प्रोसेसरच्या फॅनला पळवेल, म्हणजे एक आवाज गेला आणि दुसरा आला. मी पुष्कळ वर्षं पीसी जुळवतोय, लोकांची गोंगाट करणारी मशीन शांत करणं हे माझं सगळ्यात आवडतं काम आहे, आणि माझा क्रम ठरलेला आहे: आधी उष्णता कमी करा, मग ती बाहेर जायची वाट मोकळी करा, फॅनच्या कर्व्हला, म्हणजे किती तापमानाला फॅन किती फिरावा या आलेखाला, हात सगळ्यात शेवटी लावा. तुमचं कार्ड २२० वॉटचं आहे. तेवढे वॉट तयार होत असतील तर ते कुठेतरी फेकावेच लागणार, आणि फेकायचं काम हवाच करणार.

सुरुवात फ्रेमपासून, म्हणजे कार्ड एकामागोमाग बनवतं त्या चित्रांपासून करा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला १४४ हून जास्त फ्रेम तो दाखवूच शकत नाही. कार्ड मात्र मोकळं सोडलं तर १९०-२०० बनवत बसतं आणि त्या जादा फ्रेमची उष्णता तुम्ही फॅनच्या आवाजात मोजता. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये २०२० पासून 'मॅक्स फ्रेम रेट' हा पर्याय आहे, तिथे १३८ टाका. सावकाश गेमसाठी तर ९० सुद्धा पुरतात. जी-सिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) चालू असेल तर ९० आणि १३८ मधला फरक अशा गेममध्ये फारसा जाणवत नाही, कार्डाला मात्र तो खूप जाणवतो. हे एकच केलं आणि बाकी काही केलं नाही तरी निम्मं काम होतं.

मेन्यूतल्या 'चिंईं'चं मूळही इथेच आहे. तो फॅनचा आवाज नाही. कार्डावर त्याच्या चिपला वीज पुरवणारी तारेच्या गुंडाळ्यांची रांग असते, त्यातली तार आणि गाभा भार बदलला की सूक्ष्म थरथरतात. वीज पुरवणाऱ्या भागाची उघडझाप सेकंदाला लाखो वेळा होते, ती आपल्या कानाच्या पार पलीकडची. पण मेन्यूत चित्र अगदी सोपं असल्यामुळे कार्ड सेकंदाला हजार-दोन हजार फ्रेम काढतं, आणि प्रत्येक फ्रेमगणिक भार चढतो-उतरतो. हजार-दोन हजार हर्ट्झ म्हणजे कानाला अगदी स्पष्ट ऐकू येणारा पट्टा. फ्रेमना मर्यादा घातली की हा आवाज बहुतेक वेळा विरून जातो. गेममध्ये किंचित राहिला तर राहू द्या, त्याने कार्डाला धोका नाही.

आता मुख्य काम, अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला मिळणारं व्होल्टेज कमी करणं. चिपमध्ये खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.०५ व्होल्टवरून ०.९ वर आलात तर वेग तेवढाच ठेवूनसुद्धा चिपची वीज साधारण पाव हिश्श्याने घटते. कारखान्यात प्रत्येक चिपला सावधगिरी म्हणून जरा जास्तच व्होल्टेज दिलेलं असतं, कारण सगळ्यात कमकुवत नगसुद्धा चालला पाहिजे. तुमचा नग बहुधा तेवढा कमकुवत नसतो.

करायचं असं: आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉकची पट्टी आधी उणे २५० वर न्या आणि लागू करा. मग कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज-वेगाचा आलेख उघडतो. त्यात ९०० मिलिव्होल्टचा ठिपका शोधा, तो वर ओढून १८५० मेगाहर्ट्झवर ठेवा, पुन्हा लागू करा. उजवीकडचे ठिपके आपोआप सपाट रेषेत येतील, म्हणजे कार्ड ९०० च्या पुढे जाणारच नाही. हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये आहे, कार्डाचा एकही स्क्रू हलत नाही, आणि जमलं नाही तर रीसेटचं बटण आहेच. मेमरीचं म्हणाल तर ३०७० वर साधी जीडीडीआर६ आहे, ३०८० सारखी ६एक्स नाही, त्यामुळे मेमरी तापण्याची काळजी तुम्हाला त्या मानाने कमी.

मग कॅबिनेट. पुढची काच बघूनच मला शंका आली. एक चाचणी करा: गेम चालू असताना तापमान स्थिर होऊ द्या, मग बाजूचं झाकण काढा आणि पुन्हा बघा. दोन-तीन अंशांचा फरक पडला तर कॅबिनेट ठीक आहे. सहा-आठ अंश उतरले तर कार्ड स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतंय. एवढं करून कळवा, कर्व्हचं नंतर बोलू.

शांताराम८८

वरच्या प्रतिसादाला जोड. कार्डावर कडेला एक बारीक स्विच आहे का ते पाहा. बऱ्याच कंपन्या दोन बायोस (कार्डात भरलेले मूळ सेटिंगचे संच) देतात, एक वेगासाठी आणि एक शांततेसाठी. पीसी बंद करून स्विच सरकवायचा, बस. वॉरंटीला यात काही होत नाही.

आणि फॅन कुठल्या एका ठराविक वेगालाच 'घूंऽऽ' करतात का? तसं असेल तर तो अनुनाद आहे, म्हणजे फॅनच्या थरथरीला दुसरा भाग साथ देऊन आवाज वाढवतो. त्या वेळी कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात दाबून धरा. आवाज गेला तर दोष पत्र्याचा, कार्डाचा नाही. माझ्याकडे १७०० च्या आसपास असं होत होतं, मी कर्व्ह असा आखला की फॅन त्या वेगावर रेंगाळत नाहीत.

निशाचर

खूप आभार, तांब्याची_तार. इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सांगितल्या क्रमानेच केलं.

फ्रेम १३८ वर बांधल्या, मेन्यूतला 'चिंईं' जवळजवळ गेला. अगदी कान लावला तर कळतो. अंडरव्होल्टनंतर गेममध्ये वीज २१५ वरून १६५ वॉटच्या आसपास आली, आणि फ्रेम मात्र दोन-तीनच कमी झाल्या. याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. झाकण काढून पाहिलं तर तब्बल आठ अंश उतरले. म्हणजे काचेवरची शंका बरोबर होती. सध्या पुढची काच काढूनच ठेवली आहे. आता ६७ अंश आणि फॅन १६०० च्या आसपास.

दोन प्रश्न उरले. एक, हाव सुटली म्हणून ८५० मिलिव्होल्टवर तोच वेग ठेवून पाहिला, तर रे-ट्रेसिंगच्या (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणाऱ्या) एका गेममध्ये तासाभराने गेम बंद पडून डेस्कटॉप आला. बाकी गेम मात्र नीट चालले. दोन, व्हिडिओ बघताना फॅनचं चालू-बंद होणं तसंच आहे.

शांताराम, स्विच नाही माझ्या कार्डावर. पत्र्याचं पाहिलं, तिथे काही नाही.

तांब्याची_तार

वा! २३०० वरून १६०० म्हणजे ढोबळ हिशोबाने आठ डेसिबल उतरले. दहा उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, त्याच्या जवळ पोचलात. हवेचा प्रवाह फॅनच्या वेगाच्या प्रमाणातच घटतो, आवाज मात्र त्याहून पुष्कळ झपाट्याने पडतो. म्हणून मी पंखे मंद करण्यापेक्षा पंखे मंद चालतील अशी परिस्थिती तयार करण्याच्या मागे लागतो.

८५० चं म्हणाल तर तुमच्या चिपने मर्यादा दाखवली. रे-ट्रेसिंगमध्ये चिपचे जे भाग एरवी निवांत असतात तेही कामाला लागतात, त्यामुळे कच्चा अंडरव्होल्ट आधी तिथेच उघडा पडतो. व्होल्टेज २५ ने वाढवा किंवा वेग तीसेक मेगाहर्ट्झने कमी करा, आणि चाचणी त्याच गेमवर घ्या. दहा मिनिटांच्या बेंचमार्कवर भरवसा ठेवू नका. मला विचाराल तर तुम्ही ९०० वरच राहा. पुढची पंधरा वॉट वाचवण्यासाठी रंगात आलेला गेम बंद पडण्याची टांगती तलवार कशाला? सेटिंग एका प्रोफाइलमध्ये जतन करा आणि विंडोज सुरू होताना लागू होईल असं बटण दाबून ठेवा, नाहीतर रीस्टार्टनंतर सगळं मूळपदावर येईल.

चालू-बंदचं कारण असं की फॅन सुरू व्हायचं तापमान आणि तुमचं व्हिडिओ बघतानाचं तापमान एकमेकांना खेटून आहेत. फॅन फिरले की दोन अंश उतरतात, फॅन थांबतात, दोन अंश चढतात. आता कर्व्हची पाळी आली. आफ्टरबर्नरमध्ये स्वतःचा कर्व्ह चालू करा, ५५ अंशांपर्यंत ३० टक्के सपाट ठेवा, तिथून ७० अंशांना ५० टक्के अशी हळूहळू चढती रेघ. पायऱ्या नकोत. ३० टक्क्यांवर सतत फिरणारा फॅन तुम्हाला ऐकूही येणार नाही, कारण कानाला स्थिर आवाज खुपत नाही, बदलता खुपतो. शेजारीच 'टेम्परेचर हिस्टेरिसिस' आहे, ते चार-पाच अंश द्या, म्हणजे तापमान तेवढं खरंच उतरेपर्यंत फॅनचा वेग खाली येणार नाही.

वायुपुत्र

फ्रेमचं मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं, आज करून बघतो. निशाचर, पुढची काच कायमची काढणार असाल तर तिथे धूळ अडवणारी बारीक जाळी लावा, नाहीतर काही महिन्यांत कार्डाच्या पात्यांमध्ये धूळ भरेल आणि तापमान परत वर चढेल. आणि कॅबिनेटच्या तळाशी जागा असेल तर तिथे एक १२० मिमीचा फॅन टाका, थेट कार्डाखाली. कार्ड हवा खालूनच ओढतं.

तांब्याची_तार

जाळीचा सल्ला एकदम योग्य. तळाचा फॅन टाकलात तर त्याचा वेग प्रोसेसरच्या नव्हे, ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाला बांधा. मदरबोर्डच्या बायोसला कार्डाचं तापमान सहसा दिसत नाही, त्यामुळे गेम जोरात चालू असतानाही तो फॅन निवांत बसतो. 'फॅनकंट्रोल' नावाचा मोफत प्रोग्रॅम हे जमवतो. ८०० आरपीएमला पुरेल, जास्त नको.

आणि धूळ उडवताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने ती भन्नाट फिरली तर बेअरिंग खराब होतं, आणि एकदा बेअरिंग खडखडायला लागलं की मग कुठलाही कर्व्ह कामाला येत नाही, फॅनच बदलावा लागतो.

निशाचर

९०० वर परत आलो, कर्व्ह सांगितला तसा लावला. व्हिडिओ बघताना आता काहीच जाणवत नाही. जाळी आणि तळाचा फॅन दोन्ही घेतोय. तळाला पीएसयूच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) झाकणावर १२० चे दोन बसतील एवढी जागा आहे. एक पुरेल की दोन लावू?

तांब्याची_तार

दोन लावा, आणि दोन्ही ६०० च्या आसपास चालवा. एक जोरात फिरवण्यापेक्षा दोन मंद फिरवले तर तेवढीच हवा कमी आवाजात मिळते. फक्त फॅनची वरची बाजू आणि कार्ड यांच्यात बोट-दोन बोटं अंतर राहतंय ना ते आधी मोजून घ्या.