विषय: शाळेचे आभार मानायचे, पण कसे?

सचिव, मंडळ:

नमस्कार मंडळी,
शनिवारची गाण्याची बैठक छान झाली. इथल्या (अमेरिकेतल्या) कॅथलिक शाळेने आपल्याला हॉल दिला, त्यांचे रीतसर आभार मानायला हवेत. शाल, श्रीफळ आणि चांदीचं निरंजन द्यावं असं कार्यकारिणीच्या मनात आहे. सूचना गुरुवारपर्यंत कळवा.

हॉल समन्वय:

सचिवताई, निरंजन नको. ते ऑफिसच्या कपाटात जाईल आणि पुढच्या वर्षी कुणाला आठवणारही नाही. शाळेच्या फी-सवलत निधीला मंडळाच्या नावाने चेक द्या आणि चेकवर "फक्त फी-सवलतीसाठी" असं लिहा, नाहीतर पैसे सर्वसाधारण खात्यात जमा होतात. कस्टोडियनचं (इमारतीची देखभाल करणाऱ्याचं) पाकीट वेगळं आणि त्याच्याच हातात.

पत्रं दोन लागतील. शाळेचं वेळापत्रक मुख्याध्यापिकेच्या हातात असतं, इमारत पॅरिशची, म्हणजे फादर सांभाळतात त्या स्थानिक चर्चची असते. फादरना वगळलं तर पुढचं बुकिंग अडतं. "आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत" एवढ्यावर भागवू नका. त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा: तासांची स्वयंचलित घंटा बंद ठेवली, मोठ्या ख्यालाच्या वेळी हीटिंगचा ब्लोअर थांबवला, तंबोरे लावायला एक तास आधी दार उघडलं.

पुढच्या तारखेबद्दलही आत्ताच सांगून ठेवते. शनिवारी संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास रविवारची आगाऊ मास (चर्चमधली सामुदायिक प्रार्थना) असते आणि पार्किंग भरून जातं, त्यामुळे आपलं गाणं साडेसहाच्या आधी ठेवू नका. लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) शुक्रवारी बऱ्याच पॅरिशमध्ये हॉलात मासे तळतात. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात तर विचारूही नका. विम्याच्या सर्टिफिकेटवर शाळा आणि पॅरिश दोन्ही नावं हवीत, एकच असेल तर ते परत येतं. भिंतीवरच्या क्रूसावर बॅनर येता कामा नये. सरस्वतीचा फोटो आणि समई यांची परवानगी लेखी घ्यावी. ज्योत पेटवायची असेल तर स्मोक डिटेक्टरचं आधी विचारा, नाहीतर विजेची समई बरी.

ध्वनी आणि मंच:

ब्लोअरचा मुद्दा पत्रात नक्की घाला. बाहेरून क्षुल्लक वाटतं, पण गाण्याचा निम्मा श्वास त्यावर असतो. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, म्हणून मोटरची आणि दिव्यांच्या डिमरची घूं-घूं 60 आणि 120 हर्ट्झवर येते. गवयाचा सा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) असेल तर 120 हर्ट्झ बरोबर शुद्ध धैवत आणि कोमल निषाद यांच्या मधे पडतो. कुठल्याच रागाला तो चालत नाही! त्यासाठी ध्वनियंत्रणा आणि दिवे वेगवेगळ्या सर्किटवर घ्या आणि गाताना डिमर अर्धवट ठेवू नका.

हिवाळ्यात हीटिंगने हवा कोरडी होते. पुडी (तबल्याचं कातडं) आवळते, तबला चढतो. लोक भरले की हवेत ओल येते आणि तो उतरतो. तंबोऱ्याचं दुखणं वेगळं: लाकूड आटतं आणि खुंट्या सरकतात. खुंटीला खडूची पूड लावा, मण्यांनी बारीक सूर जुळवा. वाद्यं गाडीच्या डिकीत ठेवू नका, किमान तासभर हॉलात राहू द्या.

मागच्या रांगांसाठी लावलेले स्पीकर पुढच्यांपासून 18 मीटरवर असतील तर त्यांना सुमारे 52 मिलिसेकंद उशीर द्यावा लागतो. तो दिला नाही तर तबल्याचा प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो आणि लोक दोष तबलजीला देतात.

संगीत वर्ग:

चेक द्याच, पण शाळेला खरी भेट म्हणजे पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी 40 मिनिटांचं लेक-डेम (प्रात्यक्षिकासह व्याख्यान). तेही त्यांच्याच पियानोवर. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या. सा काळी तीन धरला की भूप, काळी चार धरला की मधमाद सारंग, काळी पाच मालकंस, काळी एक दुर्गा, काळी दोन धानी. स्वर तेच पाच, फक्त सा हलला. मूर्च्छना, म्हणजे हे सा हलवणं, समजावायला फळा लागत नाही. या मुलांना शाळेत डो-रे-मी शिकवलेलं असतं, सरकता डो ठाऊक असेल तर सरकता सा लगेच कळतो.

मात्र तंबोरा आणि पियानो एकत्र वाजवू नका. भूपाचा गंधार तंबोऱ्यात जिथे ऐकू येतो त्यापेक्षा पियानोवरचा सुमारे 14 सेंट चढा असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट). पियानो बंद करा, मग तंबोरा छेडा. मालकंस गाणार असाल तर पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणायला दोन मिनिटं राखून ठेवा. शेवटी त्रिताल: 1, 5, 13 वर टाळी, 9 वर हात उलटा. मुलं नवव्या मात्रेवर हमखास टाळी देतात, म्हणून ही नववी मात्रा, म्हणजे 'खाली', आधी नुसत्या हाताने तीनदा करून घ्या.

फादरच्या पत्रात एक ओळ वाढवता येईल. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात इंडियन म्युझिक ग्रुपचा जानफेस्ट हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव होतो. त्याच चौकात 1958 मध्ये गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी आपल्या वाद्यवृंदासाठी रागांवर बांधलेल्या रचना सादर केल्या होत्या. कॅथलिक संस्थेच्या अंगणात आपलं गाणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही, हे त्यांना वाचायला आवडेल.

सचिव, मंडळ:

निरंजन रद्द. चेक, दोन पत्रं, कस्टोडियनचं पाकीट आणि लेक-डेम ठरलं. पत्रांचा मसुदा हॉल समन्वय करतील. संगीत वर्गाला एक विचारायचं: पियानोला कुलूप असेल तर किल्ली ऑफिसात मागायची की संगीत शिक्षिकेकडे? आणि सुरात आहे का, ते कोण पाहील?