शंका घेतली की लगेच पाकिस्तानात जायचं?

गोदाकाठ : 'आता भारत घुसून मारतो, ज्याला शंका येते त्याने पाकिस्तानात जावं' ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. २०२५च्या एप्रिलमध्ये पहलगामला अतिरेक्यांनी २६ जण मारले, त्यात आपल्या राज्यातले सहा. ७ मेला ऑपरेशन सिंदूरमध्ये सीमेपलीकडची नऊ ठिकाणं उडवली, तक्रार नाही. पण २०१६ला सर्जिकल स्ट्राइक, २०१९ला बालाकोट, दोन्ही वेळा 'आता त्यांची हिंमत होणार नाही' हेच ऐकलं होतं. तरी पहलगामच्या बैसरन पठारावर ते आलेच. आता सरकारी गोटातून सांगतात, यापुढचा प्रत्येक दहशतवादी हल्ला म्हणजे युद्धच. मग युद्ध कधी पेटवायचं हे चार अतिरेकी ठरवणार का?

सुभेदार_सातारा : २६/११ नंतर गप्प बसलो, काय मिळालं? कारगिलला विमानांना ताबारेषा ओलांडायची बंदी होती. मी द्रासला होतो. वरून मारा चालू आणि आम्ही दगडाआड पालथे. संयमाची किंमत कोण देतं ते आम्हाला विचारा.

पाटकरी : पाकिस्तानशी असलेला सिंधू पाणीवाटप करार स्थगित केला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी ऐका. मी आयुष्यभर धरणांवर नोकरी केली. चिनाबवरचे सलाल, बगलिहार वाहत्या पाण्यावर वीज करतात, साठा फार थोडा. पाकिस्तानचं पाणी अडवायला दरवाजे किती दिवस बंद ठेवाल?

दादरकर : पाणी राहू द्या. 'रक्त आणि पाणी एकत्र वाहू शकत नाही' असं मोदी म्हणाले, अटारीची सीमा बंद केली, आणि १४ सप्टेंबरला दुबईत पाकिस्तानशी क्रिकेट मॅच खेळले! हे कसं चालतं?

कव्हर_ड्राइव्ह : आशिया कप होता, बहुदेशीय स्पर्धा. न खेळता गुण सोडायचे? हस्तांदोलन केलं नाही, फायनल जिंकून पाकिस्तानचे मंत्री आणि आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष नक्वी यांच्या हातून करंडक घेतला नाही. अजून काय हवं?

मीरा_डोंबिवली : खेळायला नको होतं, एवढंच हवं होतं! पहलगामच्या हल्ल्यात आमच्या गावातले तिघे गेले. अंत्यदर्शनाच्या रांगेत मी उभी होते. त्याच गावात, आमच्या सोसायटीत, मोठा पडदा लावून ती मॅच दाखवली. मी दार लावून घेतलं. मला गुणतक्ता सांगू नका.

कव्हर_ड्राइव्ह : ताई, तुमच्या दुःखाबद्दल आदर आहे. पण खेळाडूंचा काय दोष? त्यांना परवानगी सरकारनेच दिली.

दादरकर : तेच म्हणतोय! व्यापाऱ्याने माल पाठवला तर देशद्रोह, आणि क्रिकेट मंडळाने मॅच खेळली तर धोरण?

सुभेदार_सातारा : मॅचचं मान्य. नको होती. पण त्यावरून कारवाईच चूक म्हणणं मला पटणार नाही.

गोदाकाठ : कारवाई चूक असं मी कुठे म्हणालो? वर जाऊन वाचा. पाकिस्तानने पूंछवर तोफा डागल्या तेव्हा आपलीच माणसं गेली, शाळेत जाणारी जुळी भावंडंसुद्धा. आपण मारल्यावर तिकडून गोळे येणार हे ठाऊक होतं, मग ती गावं आधी का हलवली नाहीत? आणि १० मेला लढाई थांबल्याचं आपल्याला आधी ट्रम्पकडून कळलं. हे विचारायचंच नाही?

सुभेदार_सातारा : पूंछला मी राहिलोय. तिथे घराघराला बंकर हवेत, हे तुमचं खरं. पण आधी गावं हलवली असती तर समोरचा सावध झाला असता. त्याचं उत्तर द्या.