नवे शूटर गेम: वाट कशाची पाहताय, एकट्याच्या मोहिमेची की ऑनलाइनची?

धागाकर्ता, प्रतापनगर, नागपूर

दोन शूटर, म्हणजे बंदुकीनं लढायचे गेम, सध्या चर्चेत आहेत आणि दोघांचं मूळ घर एकच, बंजी हा स्टुडिओ. 'हेलो: कॅम्पेन इव्हॉल्व्ड' म्हणजे 2001 च्या पहिल्या हेलोची मोहीम, म्हणजे कथेचा भाग, नव्याने बांधलेली. आता तो बंजीकडे नाही, पण पहिल्यांदाच प्लेस्टेशनवरही येतोय, आणि खेळाडूंनी एकमेकांना मारण्याचा प्रकार त्यात ठेवलेलाच नाही. दुसरा 'मॅरेथॉन'. 1994 मध्ये मॅकवर आलेला मूळ गेम कथेसाठी आजही आठवला जातो. नव्यात एकट्याची मोहीमच नाही: टोळीनं उतरा, माल गोळा करा, जिवंत निघालात तर माल तुमचा. सप्टेंबर 2025 चा त्याचा मुहूर्त चाचणीतल्या प्रतिक्रिया पाहून पुढे ढकलला गेला आणि तो मार्च 2026 मध्ये आला.

मी पैसे हेलोसाठी बाजूला काढलेत. पोरगा चार वर्षांचा आहे. तो झोपला की माझ्या हातात पाऊण तास असतो, आणि तो मध्येच रडत उठला तर पॉज दाबता यायला हवं. ऑनलाइनमध्ये पॉज नाही. तिथे मी उठलो की टोळीतले दोघं उघड्यावर पडतात.

दुसरं, एकट्याच्या खेळात कोणीतरी माझ्यासाठी विचार करून काहीतरी रचलेलं असतं. 'टायटनफॉल 2' मध्ये एका पातळीत डाव्या मनगटावर एक यंत्र मिळतं. बटण दाबलं की पडकी, जळकी प्रयोगशाळा क्षणात जुन्या दिवसांतली चकचकीत होते, पहारेकऱ्यांसकट. पुन्हा दाबलं की पुन्हा भग्न. आज जिथे खड्डा आहे तिथे काल जमीन होती, म्हणून हवेत उडी मारून काळ बदलायचा आणि पाय टेकवायचे. 2016 चा गेम आहे, मी तो भाग तीनदा खेळलोय. कुठलाही ऑनलाइन सामना मला इतका लक्षात राहिलेला नाही.

मानेवाडा चौक

दादा, तुमचं घरचं समजलं, पण सामना लक्षात राहत नाही हे काही पटून नाही राहिलं. आम्ही चौघं एका गल्लीतले. आता एक हिंजवडीत, एक बेंगळुरूत, एक जर्मनीत, मी इथंच. बुधवारी रात्री साडेदहाला चौघं बीजीएमआयवर, म्हणजे पबजी मोबाइलच्या भारतातल्या अवतारावर, येतो. जर्मनीवाल्याचं पिंग बेकार असते, म्हणजे त्यानं दाबलेलं बटण उशिरा पोचते, तरी तो येते, अन् आम्ही त्याले गाडीत बसवून फिरवतो. त्याचे बाबा गेले तेव्हा त्यानं आम्हाले गेममध्येच सांगितलं. लॉबीत, म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधी थांबतात तिथं, उभे होतो चौघं, कोणी स्टार्ट दाबलं नाही.

मोहीम कितीही भारी असो, शेवट आला की डिस्क कपाटात. आमचं गेली पाच वर्षं सुरूच आहे.

धागाकर्ता

भाऊ, ते वाचून थांबलो जरा. पण 'सुरूच आहे' म्हणता, तर ते कोणाच्या हातात आहे? बीजीएमआय जुलै 2022 मध्ये स्टोअरवरून काढला गेला तो मे 2023 ला परतला. त्याआधी सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइलवर बंदी आलीच होती. सोनीचा ऑनलाइन शूटर 'कॉन्कॉर्ड' तर 23 ऑगस्ट 2024 ला आला आणि 6 सप्टेंबरला बंद. पैसे परत दिले हे खरं, पण सोनीनं गेम पुन्हा सुरू केला नाही. माझा 2004 चा 'हाफ-लाइफ 2' अजून चालतो.

धरमपेठ

सर्व्हर बंद पडण्यापेक्षा मोठी अडचण मला माइकची आहे. व्हॅलोरंट हा संघानं खेळायचा ऑनलाइन शूटर दोन वर्षं खेळले. मुंबईचा सर्व्हर, पिंग छान, निशाणा बरा. तोंड उघडून "बी ला दोघं आहेत", म्हणजे शत्रू नकाशावर कुठे आहेत, एवढं म्हटलं की पुढची वीस मिनिटं माझ्या आवाजावर चर्चा. म्यूट केलं तर संघाला माहिती मिळत नाही आणि हरल्याचं खापर माझ्यावर. शेवटी सोडलं.

मग 'डूम: द डार्क एजेस' घेतला, मे 2025 चा, त्यात मल्टिप्लेअरच नाही. हिरवा गोळा अंगावर येताना बरोबर क्षणी ढाल पुढे करायची आणि तो उलटा पाठवायचा. पहिले दोन दिवस फक्त तेच शिकत होते. एकट्याचा खेळ म्हणजे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी, असं माझा भाऊ म्हणतो. त्याने सगळ्यात अवघड पातळीवर एक तास खेळून दाखवावा. मी वाट पाहतेय 'गिअर्स ऑफ वॉर: ई-डे'ची.

महाल

वयानं मोठा आहे म्हणून लिहितो. ही भांडणं मुळात एका घरातली आहेत. 1993 च्या पहिल्या डूममध्येच मोहीम होती आणि डेथमॅच, म्हणजे खेळाडूंनी एकमेकांना मारण्याचा प्रकारही. काउंटर-स्ट्राइक तर 1999 मध्ये हौशी पोरांनी हाफ-लाइफमध्ये फेरफार करून काढला. कथेच्या खेळातूनच तो जन्मला.

आम्ही तो बर्डीवरच्या एका कॅफेत खेळायचो. दुसरा मजला, तासाचे वीस रुपये, कूलरचं पाणी संपलेलं, की-बोर्डवरचा डब्ल्यू पार पुसलेला. मारणारा समोरच्या रांगेत बसलेला दिसायचा. हरलो की खाली उतरून त्यालाच चहा पाजायचा. शिवी देणाऱ्याला पुन्हा त्याच जिन्यावरून उतरायचं असायचं, म्हणून जीभ ताब्यात राहायची. धरमपेठवाल्या ताईंना जे सोसावं लागलं ते अनोळखी लोकांच्या गर्दीमुळे. मला एकटंही खेळायचं नाही आणि अनोळखी नव्वद जणांतही नाही.

मानेवाडा चौक

काका, हे बरोबर बोलले. अनोळखी लोकांसोबत मीही नाही खेळत.

पण धागाकर्ते दादा, बंदीचं तुम्ही जे सांगून राहिले ना, ते दहा महिने आम्ही बुधवार सोडला नाही. दुसरा गेम टाकला. फक्त परवाच्या अवकाळीत लाइन गेली, राउटर बंद, मी आवळत जाणाऱ्या नकाशाच्या शेवटच्या गोलात होतो, तेवढं दुखलं. गेम जाते, टोळी राहते.

धागाकर्ता

टोळी राहते, मान्य. तुमची टोळी गल्लीतून आली म्हणून राहिली. माझी नव्हती, सगळे ऑनलाइनच भेटलेले. सर्व्हर बंद झाला त्या दिवसापासून एकाचाही पत्ता नाही. मी हेलोच घेणार. कॉन्सोलवर दोघांना एकाच पडद्यावर खेळता येणार आहे, आणि माझ्याकडे कंट्रोलर एकच आहे.

मानेवाडा चौक

दुसरा माझ्याकडे आहे. प्रतापनगर दूर नाही. बुधवार सोडून कधीही सांगा.