लॉक प्लेटला तक्त्यातलं ड्रिल नको, एक माप मोठं घ्या

आटेकर (धागाकर्ता):
परकशन रायफलचं (टोपी फोडून काळी दारू पेटवणाऱ्या जुन्या धर्तीच्या बंदुकीचं) किट जोडताना लॉक बोल्ट, म्हणजे घोड्याची यंत्रणा (लॉक) जिच्यावर बसते ती प्लेट लाकडात धरणारा बोल्ट, ८-३२ आट्यांचा (८ नंबर जाडी, इंचाला ३२ आटे) असेल, तर टॅप-ड्रिलच्या तक्त्यात लिहिलंय म्हणून प्लेटमधल्या होलाला सगळे २९ नंबरचं ड्रिल लावतात, म्हणजे ३.४५ मिमी. माझं ठाम मत, २८ नंबर घ्यावं, ३.५७ मिमी (नंबर कमी, तेवढं ड्रिल जाड). आट्यांची उंची पूर्ण उंचीच्या ६९ टक्क्यांवरून ५८ वर येते, पण टॅप (होलात आटे पाडायचं हत्यार) मोकळा फिरतो. पूर्ण १०० टक्के उंचीचे आटे ७५ टक्केवाल्यांपेक्षा जेमतेम ५ टक्के जास्त मजबूत असतात, आणि ते पाडायला जोर मात्र जवळपास तिप्पट लागतो. टॅप आत तुटला आणि प्लेट बदलावी लागली, तर तिच्या मापाने लाकडात कोरलेली खाचही वाया जाते.

खरादी:
अजिबात पटलं नाही. प्लेट तीन-साडेतीन मिमी जाडीची, तिच्यात मावतात जेमतेम चार आटे. चारच असताना त्यांचीही उंची का घटवायची? शिवाय काळ्या दारूची बंदूक आहे ही. निपलखालची (टोपी बसते त्या बोंडीखालची) काजळी पुसायला लॉक पुन्हापुन्हा उतरवावं लागतं, बोल्टची काढघाल चालूच राहते. अशा ठिकाणी आखूड आटे आधी झिजतात. कटिंग ऑइल लावा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, बुरा तुटू द्या. २९ नंबरच्या होलातही टॅप शाबूत राहतो.

आटेकर:
झिजेचा मुद्दा मान्य, पण जोराचा नाही. हा बोल्ट प्लेटला लाकडात धरून ठेवतो, एवढंच त्याचं काम. जास्त आवळला तर आटे जाण्याआधी लाकूड दबतं आणि लॉकची चाल अडखळते. ब्रीच प्लग (नळीचं मागचं तोंड बंद करणारं आट्यांचं बूच) आणि निपलची गोष्ट निराळी. तिथे दाब झेलायचा असतो, तिथलं माप बनवणाऱ्याने दिलेलंच, त्यात मी कुणालाही सूट देणार नाही.

गुणिया:
दोघंही ड्रिलच्या नंबरावर अडलात. एवढे बारीक टॅप बहुतेक वेळा तुटतात ते तिरके गेल्यामुळे. होल पाडल्यावर प्लेट शिकंजातून हलवू नका. मशीन बंद करा, चकमध्ये (ड्रिल धरणाऱ्या जबड्यात) टॅप धरा, चक हातानेच फिरवून पहिले दोन-तीन आटे पाडा, मग हँडल लावा. टॅप सरळ उतरला की २९ नंबर पुरे.

खरादी:
चक फिरवताना टॅप कुठे अडतोय ते बोटांना कळत नाही. मी सुरुवातीपासून हँडलच वापरतो, शेजारी गुणिया (काटकोन तपासायचं हत्यार) उभा करून दोन बाजूंनी बघतो.

निहाई:
त्याआधी प्लेटवर आतल्या बाजूने कानस ओढून बघा. कानस नुसती घसरली तर वरचा थर कडक केलेला आहे. मग २८ घ्या की २९, टॅपची धार जाणारच. आधी तेवढी जागा तापवून नरम करा, किंवा कडक न केलेली प्लेट मागवा आणि आटे पाडून झाल्यावर ती कडक करून घ्या.

आटेकर:
हे मान्य. नरम प्लेटवर मात्र मी २८ नंबरच लावणार.