अनुभव धागा : घरातली फुलदाणी कुठं ठेवलीय?

रानवारा : काल जुळे सोलापुरात मैत्रिणीच्या नव्या घरी गेले होते. दारातून आत आलं की डाव्या हाताला जमिनीवरच गुडघाभर उंच मातीची फुलदाणी, आणि तिच्यात ज्वारीची वाळलेली कणसं. चप्पल काढता काढता मी तिथंच उभी राहिले.

आमचं रान मंगळवेढ्याकडं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी काढणीला आली की दादा, म्हणजे माझे वडील, पहिली पाच कणसं ताटासकट, म्हणजे धांड्यासकट, आणायचे आणि लोणच्याच्या जुन्या बरणीत उभी करायचे. बरणीला तडा गेलेला, म्हणून लोणच्यातून ती सुटली होती. आई म्हणायची, उंदरं येतील. दादा म्हणायचे, असू दे, लक्ष्मी दारात आहे. चिमण्या थेट आत येऊन दाणे टिपायच्या. फुलदाणी हा शब्दसुद्धा आमच्या घरात कुणी वापरत नव्हतं.

दादा जाऊन सहा वर्षं झाली. बरणी माझ्याकडं माळ्यावर आहे, त्यांच्याच चादरीत गुंडाळलेली. आता ती बाहेर काढायचीय. हॉल लहान आहे. कुठं ठेवू? तुमच्याकडं फुलदाण्या कशा आल्या, कुठं ठेवल्यात, लिहा ना.

सातरस्ता : टीपॉयवर अजिबात नको. आमची उंच काचेची होती, लेक दीड वर्षाचा असताना त्यानं टेबलक्लॉथ ओढला. नशीब, काच पायाशी फुटली, अंगावर नाही. आता जी आहे तिच्या बुडात दोन वाट्या धुतलेली वाळू घातलीय. कोपऱ्यात सोफ्यामागं. हलत नाही.

सातरस्ता : वाळू वाळवून घाला हं, ओली राहिली तर वास येतो.

कांडीवाली : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, विणकरांच्या वस्तीतले, घरातच माग. सुताची पिंजर सगळ्या घरात उडायची, खऱ्या फुलांवर दोन तासांत पांढरी बसायची. आमच्या अव्वानं पितळेच्या तांब्यात लाकडी कांड्या उभ्या केल्या होत्या, लाल, हिरव्या, जांभळ्या सुताच्या, उरलेल्या. तीच आमची फुलं. माग विकला तेव्हा कांड्याही गेल्या, सात तेवढ्या मी मागून ठेवल्या. आता देवघराशेजारच्या खिडकीत आहेत. दुपारी ऊन पडलं की लाल रंग भिंतीवर येतो.

रानवारा : कांडीवाली ताई, फोटो टाका ना.

कांडीवाली : भाकरी टाकलीय तव्यावर, नंतर टाकते.

होटगीरोड : ज्वारी कुठली, मालदांडी का? कडक भाकरीसाठी चांगली कुणाकडं मिळते?

बिदरची लेक : माझं माहेर बिदर. बाबांनी लग्नात बिदरी फुलदाणी दिली, काळी, चांदीच्या वेलीची. मी हौसेनं पाणी घालून निशिगंध ठेवला. आठ दिवसांनी आतून पांढरे डाग. बाबा आले, बघितलं आणि गप्प बसले, ते मला अजून आठवतं. बिदरी म्हणजे जस्त आणि थोडं तांबं. तो काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनं येतो, वरून लावलेला नसतो, म्हणून तिला जपावं लागतं. आता ती रिकामीच ठेवते, महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचं बोट फिरवते. पांढऱ्या भिंतीपुढं एकटीच ठेवलीय, शेजारी काही नाही. आधी शोकेसमध्ये बाहुल्यांत होती, दिसतच नव्हती.

सातरस्ता : बाबा आहेत का अजून?

बिदरची लेक : नाहीत. मागच्या श्रावणात गेले.

सातरस्ता : ओह. जपा ती.

पाणीवार : आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळं फुलदाणीतलं पाणी बदलायला जीवावर यायचं. मनी प्लांट तसाच ठेवायचे. मागच्या पावसाळ्यात तपासणीला आलेल्या आरोग्यसेविकेनं बाटली उजेडात धरून दाखवली, आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या! डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या पाण्यात वाढतो आणि आठ-दहा दिवसांत उडतोसुद्धा. त्या वर्षी जाऊबाईंना डेंग्यू झाला होता, म्हणून मी हे सगळ्यांना सांगत सुटते. आठवड्यातून एकदा पाणी ओता, आतून घासा, मगच भरा. ओतलेलं पाणी कुंडीत घाला.

निशिगंध : मी पुष्परचना शिकलेय, थोडं सांगते. फुलांची उंची फुलदाणीच्या दीडपट धरा. विषम संख्या घ्या, तीन किंवा पाच. देठ तिरपा कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेव्हा जरबेराची मान दुसऱ्या दिवशीच पडते, निशिगंध जरा तग धरतो. पंख्याखाली नको, फ्रिजवर नको, आणि केळ्यांच्या फणीशेजारी तर नकोच. पिकणाऱ्या फळांच्या वायूनं फुलं लवकर गळतात.

आणि रानवारा, तुमच्या बरणीला तडा आहे ना? मग कणसंच ठेवा, पाणी लागत नाही. दाणा पुरता वाळायच्या आधी ताटासकट कापायची, जुडी बांधून सावलीत उलटी टांगायची, मान सरळ राहते. सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, होऊ नयेत म्हणून पिशवीत घालून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवा.

जुनीमिल : आमच्या आईनं सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पोपटी फुलदाण्यांची जोडी घेतली होती, प्लॅस्टिकच्या गुलाबांसकट. चाळीस वर्षं झाली असतील. एक फुटली. आता बायको म्हणते, एकटी बरी दिसत नाही. मला तर बरी दिसते. टीव्हीशेजारी ठेवलीय.

होटगीरोड : ज्वारीचं कुणी सांगितलं नाही अजून.

रानवारा : होटगीरोड दादा, आमच्या रानातली देते की. मालदांडीच आहे.

बरणी काढली आज. चादरीची घडी मोडली तर आत जुने दाणे सापडले, चार-पाच. धुतली नाही, नुसती पुसली. दाराच्या आत, डाव्या हाताला, जमिनीवर ठेवलीय. अजून रिकामी आहे. भावाला फोन केला, तो म्हणाला कणसं अजून हिरवी आहेत, हुरड्याला ये, तेव्हाच ताटासकट कापून देतो.

कांडीवाली : हुरडा?? किती जण येऊ शकतो ओ?