‘नोट ऑफ प्रोटेस्ट’ : निषेध, निवेदन की कैफियत?

प्रश्न

जहाजाच्या विम्याच्या दाव्याची कागदपत्रं मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं आहे. त्यात एका मालवाहू जहाजाच्या कॅप्टनने वादळानंतर बंदरात पोचल्यावर नोटरीसमोर केलेला दोन पानी कागद आहे. मथळा ‘नोट ऑफ प्रोटेस्ट’. आधी ज्यांनी काम केलं त्यांनी मथळ्याला ‘निषेधाची नोंद’ म्हटलंय आणि आत लिहिलंय, ‘कॅप्टनने नोटरीकडे निषेध नोंदवला.’ वाक्य कानाला खटकत नाही, पण अर्थ लागत नाही. निषेध कोणाचा? कागदात कोणाविरुद्ध चकार शब्द नाही. तारीख, वेळ, वारा, लाटा, एवढंच. इथे कोणता शब्द योग्य?

प्रतिसाद

कानाला खटकत नाही, तिथेच घात झाला आहे. ‘निषेध नोंदवणे’ हा प्रयोग आपल्याकडे तयारच आहे, रोजच्या बातम्यांत वाचतो. त्यामुळे ‘नोट’ म्हणजे नोंद, ‘प्रोटेस्ट’ म्हणजे निषेध अशी जोडी आपोआप जुळते आणि कोणी थांबून विचारत नाही. तुम्ही थांबलात ते बरं झालं.

मूळ लॅटिन क्रियापद ‘प्रोतेस्तारी’. ‘प्रो’ म्हणजे पुढे, चारचौघांसमोर. ‘तेस्तारी’ म्हणजे साक्ष देणं. ‘टेस्टमेंट’ त्याच घरातला. म्हणजे मूळ अर्थ उघडपणे, गांभीर्याने सांगणं. इंग्रजीत आरोपी आपलं निर्दोषत्व ‘प्रोटेस्ट’ करतो, म्हणजे ते ठासून सांगतो; तो अर्थ अजून वापरात आहे. विरोधाचा अर्थ नंतर आला आणि बाकी सगळीकडे पसरला. व्यापाराच्या आणि समुद्राच्या कायद्यात जुना अर्थ टिकून राहिला.

शेजारच्या भाषा पाहिल्या तर शंका उरत नाही. याच कागदाला फ्रेंचमध्ये ‘रापोर द मेर’ म्हणतात, म्हणजे समुद्राचा वृत्तान्त. जर्मनमध्ये ‘फेरक्लारुंग’, म्हणजे खुलासा. डचमध्ये जहाजाचं निवेदन. यात कुठेही विरोध नाही.

आपल्या ‘निषेध’चाही असाच प्रवास झाला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ मनाई. ‘विधिनिषेध’ म्हणताना आपण अजून तोच अर्थ धरतो. शब्द सरकतात, पण दोन भाषांतले दोन शब्द एकाच दिशेने सरकतील असं नाही.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर अधिकारी होतो. शब्दाचं तुम्ही ठरवा, पण कागद कसा तयार होतो ते सांगतो, म्हणजे शब्द निवडणं सोपं जाईल.

एकदा आम्ही दोन दिवस बोफर्ट 10 मध्ये होतो. बोफर्ट हे वाऱ्याच्या जोराचं माप; 10 म्हणजे 48 ते 55 नॉट, ताशी तितके सागरी मैल वारा. डेकवरून पाणी जात होतं. बंदराला लागलो तेव्हा हॅचच्या, म्हणजे डेकवरून मालाच्या कोठारात उघडणाऱ्या तोंडांच्या, झाकणांच्या कडेला मिठाचा पांढरा थर बसलेला होता. आतला माल भिजला की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. कॅप्टनने हॅच उघडू दिल्या नाहीत. आधी लॉगबुकातले, म्हणजे जहाजाच्या नोंदवहीतले, त्या दोन दिवसांचे उतारे काढले, मग नोटरीकडे गेला. मला आणि बोसनला (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) साक्षीदार म्हणून बरोबर नेलं. रिवाज असा की बंदरात पोचल्यापासून 24 तासांच्या आत आणि हॅच उघडण्याआधी हे काम व्हावं. नंतर केलं तर कोणीही म्हणेल, की भिजलेला माल बघून वादळ आठवलं.

नोटरीने त्या दिवशी फक्त आपल्या वहीत टिपून घेतलं. जहाजाचं नाव, कुठून कुठे, कोणता माल, काय घडलं, सही. ‘नोट’ म्हणजे हे टिपणं. शेवटी एक वाक्य असतंच, की पुढे हे निवेदन सविस्तर करण्याचा हक्क राखून ठेवत आहे. माल उतरवून पाहणी झाली की मग तपशीलवार कागद होतो, त्याला ‘एक्स्टेंडेड प्रोटेस्ट’ म्हणतात. तुमच्या फायलीत तोही असेल. त्याला कृपा करून ‘मुदतवाढ’ म्हणू नका, मी तसं लिहिलेलं वाचलंय. तिथे तारीख वाढत नाही, मजकूर वाढतो.

अजून एक सावधगिरी. जहाजावर ‘लेटर ऑफ प्रोटेस्ट’ नावाचा वेगळाच कागद असतो. टर्मिनलने सांगितलेला आकडा आणि आमच्या मोजणीतला माल जुळला नाही, किंवा माल भरायला फार वेळ लावला, की कॅप्टन तिथल्या माणसाच्या हातात ते पत्र देतो. ते खरोखर कोणाविरुद्ध असतं. नोटरी त्यात लागत नाही. त्याला ‘हरकतपत्र’ म्हणा. दोन्ही कागदांना मराठीत एकच शब्द दिलात तर दावा वाचणारा गोंधळलाच म्हणून समजा.

प्रश्नकर्ती

दोन्ही कागद फायलीत आहेत! आणि दोन्हीकडे ‘निषेध’ आहे.

एक शंका. जुन्या नमुन्यांत कॅप्टन ‘वारा आणि लाटांविरुद्ध’ प्रोटेस्ट करतो असं वाक्य सापडलं. मग विरोध अगदीच नाही असं कसं म्हणायचं? आणि ‘सागरी कैफियत’ कसं वाटतं? मला हा शब्द फार आवडतो. घडलेली हकीकत अधिकाऱ्यापुढे मांडणं, हे त्यात पुरेपूर आहे.

प्रतिसाद

मी वकिली करते, म्हणून कैफियतीबद्दल आधी. शब्द सुंदर आहे, जुन्या कागदांत तो याच अर्थाने येतो. पण आज दिवाणी दाव्यात कैफियत म्हणजे प्रतिवादीने वादीच्या दाव्याला दिलेलं लेखी उत्तर. तुमचा कागद वकिलाच्या टेबलावर जाणार असेल तर तो पहिल्यांदा हेच समजेल. मला वाईट वाटतं, पण इथे तो शब्द सोडावा लागेल.

‘वारा-लाटांविरुद्ध’चा अर्थ एवढाच, की नुकसान झालं असेल तर त्याचं कारण समुद्र आहे; जहाज, मालक किंवा खलाशी नव्हेत. जबाबदारी कुठे जाते हे कॅप्टन उघड सांगून ठेवतो. मराठीत ते ‘कारण’ आणि ‘जबाबदारी’ या शब्दांनी मांडा.

आता नोटरीचं काम, कारण खरी चूक बहुतेक तिथे होते. ‘नोटरीने घटना प्रमाणित केली’ असं लिहू नका. नोटरी वादळात नव्हता. अमुक माणूस अमुक दिवशी माझ्यासमोर आला, त्याने हे सांगितलं आणि सही केली, एवढंच तो सांगतो. म्हणून नोटरीने निवेदन ‘टिपून घेतलं’, सही ‘साक्षांकित केली’. बोलताना आपण ‘कागद नोटरी केला’ म्हणतो ते चालतं, अनुवादात हा फरक दिसायला हवा.

शपथेचंही तसंच. शेवटच्या ओळी नीट वाचा. ‘माझ्यासमक्ष शपथेवर’ असेल तरच ‘शपथ’ हा शब्द घाला. पहिल्या टिपणात पुष्कळदा नुसती सही असते, सविस्तर कागद शपथेवर होतो. सरसकट ‘प्रतिज्ञापत्र’ म्हणणंही म्हणूनच धोक्याचं. कायद्यातही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत: भारताच्या 1952 च्या नोटरी कायद्यात कलम 8 खाली जहाजाचा प्रोटेस्ट टिपणं हे एक काम, आणि शपथ देणं किंवा प्रतिज्ञापत्र घेणं हे दुसरं.

वजनही देशागणिक बदलतं. इंग्लिश कायद्याच्या परंपरेत हा कागद जहाजमालकाच्या बाजूचा पुरावा म्हणून सहसा चालत नाही, युरोपातल्या अनेक देशांत त्याला बराच मान आहे. ‘पुरावा’ हा शब्द त्यामुळे मथळ्यात नकोच.

माझी निवड: पहिल्या कागदाला ‘सागरी निवेदनाचं टिपण’, ‘एक्स्टेंडेड प्रोटेस्ट’ला ‘सविस्तर सागरी निवेदन’, शपथ असेल तर ‘शपथनिवेदन’. पहिल्यांदा येईल तिथे ‘सी प्रोटेस्ट’ हे प्रचलित नाव शेजारी द्या, जहाजावरचे लोक तेच बोलतात.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असं केलं आहे: ‘वादळामुळे मालाचं नुकसान झाल्याचं निवेदन कॅप्टनने नोटरीसमोर केलं आणि नोटरीने ते टिपून घेतलं. निवेदन सविस्तर करण्याचा हक्क कॅप्टनने राखून ठेवला आहे.’

प्रतिसाद

पुन्हा जहाजवाला. एकच दुरुस्ती, पण करायलाच हवी. ‘नुकसान झाल्याचं’ नको. त्या वेळी हॅच बंद होत्या. मूळ कागदात ‘नुकसानीची भीती वाटते’ अशा अर्थाचा शब्द असणार, पुन्हा बघा. कॅप्टनने न पाहिलेलं नुकसान पाहिलं म्हणून सांगितलं, असं तुमच्या मराठीतून निघालं तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवेल.

प्रश्नकर्ती

पाहिलं. आहे, ‘फिअरिंग डॅमेज’. आता ‘मालाचं नुकसान झालं असावं अशी भीती व्यक्त करणारं निवेदन’ असं केलं.