ट्राउट समोर वर येतायत, पण फ्लाय घेत नाहीत – मदत हवी आहे

तळ्याकाठचा:
लहान तळं आहे, रेनबो ट्राउट मासे सोडलेले. संध्याकाळी वारा पडला की चहूकडे वर्तुळं उठतात. ड्राय फ्लाय (किड्यासारखा बांधलेला, पाण्यावर तरंगणारा गळ) अगदी तोंडापुढे पडली तरी ढुंकून बघत नाहीत. काळी, तपकिरी, पिवळी, सगळ्या लावून झाल्या. कोणती चालेल तेवढं सांगा, शनिवारी परत जायचंय.

खंड्या:
फ्लायचं नंतर बघू. लाइन कोणती, तिच्या टोकाचा बारीक लीडर किती फुटी, फ्लायजवळचा शेवटचा तुकडा, म्हणजे टिपेट, कसलं? आणि मासा वर येतो तेव्हा दिसतं काय? तोंड दिसून मागे बुडबुडा उरतो, की नुसती पाठ आणि शेपटी वळताना दिसते?

तळ्याकाठचा:
तरंगणारी, फ्लोटिंग, अजून कुठली असणार! लीडर 9 फुटी, साधं नायलॉन. पाठ दिसते. बुडबुडा नाही.

टोळभैरव:
हळूहळू बुडणारी इंटरमीजिएट लाइन लावा, नारिंगी ब्लॉब (भडक गोंड्यासारखी फ्लाय) बांधा आणि भराभर ओढा. सोडलेला मासा रंगावर धावतोच. इतका कीस कशाला पाडायचा?

खंड्या:
धावतो, पण नवा असेपर्यंत. मासे सोडून किती दिवस झाले?

तळ्याकाठचा:
तीनेक आठवडे. तेव्हापासून रोज कोणी ना कोणी ब्लॉब ओढतंच आहे.

खंड्या:
हे आधी सांगायचं ना! पाठ दिसते, बुडबुडा नाही, म्हणजे तो पाण्यावरचा किडा खात नाहीये. कायरोनोमिडचे (डासासारख्या किड्याचे) कोष तळातून वर येतात आणि पृष्ठभागाखाली लोंबकळत राहतात, ते टिपतोय. काळा बझर, म्हणजे त्या कोषाची नक्कल, लावा, 14 नंबरचा गळ, अंगावर चंदेरी तारेचे वेढे, मानेशी नारिंगी ठिपका. लीडर 14-15 फूट. झुळूक असेल तर आडवी टाका, लाइन वाऱ्याने वळू द्या, बोटांनी आठच्या आकड्यात फक्त ढील गोळा करा. ओढलंत की संपलं, कोष काही सुळकन पळत नाही.

बगळेबुवा:
टिपेट फ्लोरोकार्बनच घ्या. माशाला कमी दिसतं.

खंड्या:
इथे नको. फ्लोरोकार्बन बुडतं आणि हलक्या बझरला सोबत खाली नेतं. नायलॉनच ठेवा, फक्त शेवटचे दोन-तीन फूट मुलतानी माती, भांड्यांचं लिक्विड आणि थेंबभर ग्लिसरीन यांच्या लगद्याने पुसा. तेलकट नायलॉन वर तरंगतं आणि शांत पाण्यात त्याची रेघ ठळक दिसते.

बगळेबुवा:
पाणी हलत असेल तर लगदा लागतच नाही, रेघ मोडते. आणि मासे चार फूट खाली असतील तर फ्लोरोकार्बनला पर्याय नाही.

खंड्या:
वर आहेत हे शीर्षकातच लिहिलंय, बुवा.

गांडूळप्रेमी:
गांडूळ लावा, तासाभरात काम होईल.

तळ्याकाठचा:
फक्त फ्लायचं तळं आहे. बरं, एक राहिलं. मध्ये निम्फ (पाण्याखालच्या किड्यासारखी फ्लाय) लावली होती तेव्हा टकटक जाणवली, पण एकही गळाला लागला नाही.

टोळभैरव:
गळ बोथट.

बगळेबुवा:
टोक नखावर टेकवून बघा, घसरलं तर कानसा. पण बहुधा रॉडचं टोक वर धरत असाल. मग टोक आणि पाणी यांच्यात लाइनचा झोल राहतो, आणि मासा फ्लाय तोंडात घेऊन थुंकतो तरी हाताला पत्ता नसतो. टोक पाण्याला टेकवा, नजर लाइन पाण्यात शिरते तिथे. लाइन सरळ होऊ लागली की रॉड उचला. हिसका नको, टिपेट तुटेल.

कोरडाठाक:
मी 5 नंबरचा रॉड घेऊ की 6? आमच्याकडे वारा फार.

टोळभैरव:
7.

खंड्या:
वेगळा धागा काढा. तळ्याकाठचे, पाण्याचं तापमान मोजलंय का? 20 अंशांच्या वर गेलं असेल तर पकडून सोडायच्या भानगडीत पडू नका. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी, दमलेला मासा सोडल्यावरही मरतो.

तळ्याकाठचा:
थर्मामीटर नाही. घरी बझर सापडले, पण 10 नंबरचे. चालतील?

बगळेबुवा:
आकडा लहान तेवढा गळ मोठा, शांत पाण्यात मोठे पडतील. पाणी हललं तर लावून बघा.

टोळभैरव:
ब्लॉब 10 नंबरचाच असतो.